गाडीची खोड

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण परभणीकराच्या तोंडी लहानपणापासून असते. तिचा अर्थ विचारला तर मात्र तो हसतो आणि विषय बदलतो. यमक जुळलं, एवढंच तिचं भांडवल, असा सर्वसाधारण समज आहे. मोटारगाड्यांपुरतं बोलायचं तर हे यमक अगदीच हवेतलं नाही. मोंढ्यातून सरकीची पोती भरून निघालेल्या गाडीला इथे टेम्पो म्हणतात. टेम्पो हे मुळात हॅम्बुर्गच्या एका कारखान्यातल्या गाड्यांचं नाव. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५० च्या दशकाच्या शेवटी त्या कारखान्याच्या सहकार्याने तीनचाकी मालगाडी बनवायला घेतली आणि बघता बघता कंपनीचं नाव सगळ्याच मालगाड्यांना चिकटलं. पुढे याच कंपनीने ट्रॅक्स काढली. काळा-पिवळा रंग देऊन ती जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या रस्त्यांवर धावू लागली. तिच्या पोटातलं डिझेल इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं होतं. म्हणजे परवान्याच्या दुप्पट माणसं कोंबून, दोघा-तिघांना मागे लोंबकळत ठेवून, टपावर शेळी बांधून जी काळी-पिवळी निघायची, ती नात्याने मर्सिडीजची मावसबहीणच.

या मावसबहिणीला स्वभाव होता. निदान तिचा ड्रायव्हर तसं छातीवर हात ठेवून सांगायचा. परभणीला डिसेंबरात पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा पहाटे तो थेट सेल मारत नसे. चावी अर्धी फिरवून हिटर द्यायचा, बिडी पेटवायची, मनातल्या मनात काहीतरी मोजायचं, पुन्हा हिटर द्यायचा, मग पाय अ‍ॅक्सिलरेटरवर एका ठरावीक खोलीपर्यंत दाबून चावी पूर्ण फिरवायची आणि तोंडाने 'चल बाई' म्हणायचं. बदली ड्रायव्हर आला की त्याच गाडीची बॅटरी उतरेपर्यंत सेल मारायचा आणि शेवटी प्रवाशांना खाली उतरवून धक्का द्यायला लावायचा. प्रवासी म्हणायचे, गाडी दुसऱ्याच्या हाताला ऐकत नाही.

गाडीला खरोखर स्वभाव असतो, की मालक तो आपल्या पदरचा तिच्यावर चढवतो? स्मृतिव्याख्यानाला हा विषय हलका वाटेल. पण सभागृहाबाहेर गाडी लावून आत येताना किती जणांनी एकदा मागे वळून तिच्याकडे पाहिलं असेल, याचा अंदाज ज्याने त्याने मनाशी करावा. कुलूप लागलं की नाही हे बघायला एक नजर पुरते. दुसरी नजर कशासाठी असते, एवढाच इथे प्रश्न आहे.

आधी भाषेकडे बघू. मराठीत गाडी स्त्रीलिंगी, जीप स्त्रीलिंगी, रिक्षा आणि फटफटीही स्त्रीलिंगी. ट्रक, ट्रॅक्टर आणि टेम्पो मात्र पुल्लिंगी. ओझं ओढणारा तो आणि माणसं नेणारी ती, अशी वाटणी कोणी बसून केलेली नाही, पण झाली आहे खरी. त्यापुढची क्रियापदं तर सरळ गोठ्यातली आहेत. गाडी ऑइल खाते, डिझेल पिते, तापते, धापा टाकते, चढावर उचलत नाही, रुसते आणि भर रस्त्यात बसते. मराठवाड्यात 'गाडी' या शब्दाचा पहिला अर्थ बैलगाडी होता. इंजिन आलं, बैल सुटले, शब्द तोच राहिला. नुसता शब्दच राहिला असता तर हे व्याख्यान इथेच संपलं असतं. शब्दाबरोबर बैलाकडे बघण्याची सगळी रीतच मोटारीकडे चालत आली.

ही रीत बघायची तर मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला जावं. लालकंधारी आणि देवणी बैलांचे सौदे तिथे आजही रुमालाखाली बोटं धरून होतात. गिऱ्हाईक आधी बैलाचा जबडा उघडून दात मोजतं. दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे बघितलं की वय कळतं. मग खांदा, खूर, शेपटीचा गोंडा. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : खोड काय आहे? खोड म्हणजे जनावराची वाईट सवय. एखादा मारका असतो. एखादा पाण्यात पाय घालत नाही. एखादा 'बशा' असतो, म्हणजे औताला जुंपला की मध्येच बसकण मारतो आणि मग देव आला तरी उठत नाही. खोड नसलेला बैल महाग, हे खरंच. पण घरच्या बैलाबद्दल माणूस बोलायला लागला की तो बैलाच्या गुणांवर दोन वाक्यं बोलतो आणि खोडीवर दहा. 'आमचा पवळ्या फक्त आमच्या म्हातारीच्या हातचं खायचा' ही तक्रार नसते.

मोटारीचंही नेमकं असंच होतं. निर्दोष गाडीला स्वभाव मिळत नाही. खोडीतूनच तो येतो.

मिस्त्रीला विचारलं तर तो यामागचं कारण सांगेल आणि ते अगदी भौतिक आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन गाड्या सारख्या नसायच्या. जेटचं भोक केसाएवढं लहान-मोठं, फ्लोटची पातळी थोडी वर-खाली, इग्निशनच्या पॉइंटमधली फट मिस्त्रीच्या डोळ्याच्या अंदाजाने ठेवलेली. त्यावर दहा वर्षं एकाच माणसाचा डावा पाय क्लचवर पडला की क्लचप्लेट त्याच्याच सवयीप्रमाणे झिजायची. स्टिअरिंगचा 'प्ले' त्याच्याच हाताला माहीत. जुनी गाडी म्हणजे मालकाच्या हातापायांचा ठसा उमटलेली वस्तू, जुन्या चपलेसारखी. चप्पल दुसऱ्याने घातली तर चावते. मग 'दुसऱ्याच्या हाताला ऐकत नाही' या तक्रारीत अंधश्रद्धा किती आणि निरीक्षण किती, हे ठरवणं अवघड आहे.

परभणीच्या उन्हाळ्यात फियाट चालवलेल्या पिढीला एक ओलं फडकं आठवत असेल. पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ व्हायची. पंप पेट्रोल ढकलण्यासाठी बनवलेला, वाफ ढकलणं त्याला जमत नसे. मानवतच्या अलीकडे-पलीकडे, बाभळीचीही सावली नाही अशा जागी गाडी दोन आचके देऊन थांबायची. मग बॉनेट उघडायचं, पिण्याच्या पाण्यातलं थोडं पाणी फडक्यावर ओतायचं आणि ते पेट्रोलच्या पंपावर पट्टीसारखं ठेवायचं. घरात तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी ही पट्टी. शेजारी बायको पदराने वारा घेत उभी, मागच्या सीटवर पोरं घामाघूम, आणि घरचा कर्ता माणूस इंजिनाजवळ वाकून ताप उतरतोय का बघतोय. असं चार उन्हाळे केल्यावर त्या गाडीबद्दल काहीच वाटलं नाही, असा माणूस विरळा.

बजाजच्या चेतकचं तंत्र तर घराघरात माहीत होतं. ती मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे, आणि मिळाल्यावर रोज सकाळी तिला एका अंगावर कलती करून, सरळ करून, मग किक मारावी लागे. ऑफिसला निघालेला गृहस्थ स्कूटरला झोपवून उठवतोय हे दृश्य परगावच्या माणसाला चमत्कारिक वाटलं असतं. इथे त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही.

या सगळ्यावर अभ्यास झाले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष काळी-पिवळीच्या ड्रायव्हरला ऐकवले तर तो 'यात नवं काय' म्हणेल. अ‍ॅडम वेट्झ, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेत दाखवून दिलं की, यंत्र बेभरवशाचं वागू लागलं की माणूस त्याला मन असल्याचं मानू लागतो. ज्यांचा कॉम्प्युटर वारंवार बिघडत होता, ते त्याला मन असल्याचं जास्त मानत होते. न बिघडणारं यंत्र डोळ्यांआड जातं. बिघडणाऱ्याशी बोलावं लागतं. त्याच वर्षी जेसी चँडलर आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी थेट मोटारमालकांनाच हाताशी धरलं. काहींना त्यांनी आपल्या गाडीचा विचार माणसाच्या स्वभावाच्या भाषेत करायला लावला. एवढं केल्यावर ती माणसं गाडी बदलायला कमी तयार झाली. गाडी चांगल्या स्थितीत आहे की नाही, या हिशेबालाही त्यांनी कमी महत्त्व दिलं. घरातलं म्हातारं माणूस कामाचं आहे की नाही, असा हिशेब कोणी करत नाही, तसंच हे.

चेहऱ्याची गोष्ट निराळी. व्हिएन्ना विद्यापीठातल्या सोन्या विंडहागर यांच्या गटाने २००८ मध्ये ४० जणांना ३८ मोटारींची समोरची बाजू दाखवली. हेडलाइट म्हणजे डोळे आणि जाळी म्हणजे तोंड, असं बऱ्याच जणांना आपोआप दिसलं. रुंद, बसकी, बारीक डोळ्यांची गाडी त्यांना दांडगी वाटली. उंच कपाळाची, गोल डोळ्यांची गाडी लहान पोरासारखी. पुढे मोटारींच्या जाहिराती फारशा न बघितलेल्या इथिओपियातल्या लोकांना हेच विचारलं, तेव्हा उत्तरं ऑस्ट्रियातल्यांशी बरीच जुळली. आपल्याकडे हे काम प्रयोगशाळेशिवाय झालेलं आहे. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला मराठी माणूस 'छोटा हत्ती' म्हणतो, आणि त्याआधीच्या नाकाड्या सहाआसनी टेम्पोला कित्येक गावांनी 'डुक्कर' ठरवलं होतं. हत्ती म्हटलेल्या गाडीत ताकद दिसते, डुक्कर म्हटलेल्या गाडीत नुसतं नाक; पण पाव्हणे वेळेवर लग्नाला पोचवले ते डुकरानेच, हेही खरं.

चेहरा गोड असला म्हणजे जीव जडतोच असं नाही. नॅनोचा चेहरा गोल डोळ्यांचा, हसरा. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटांनी ती दाखवली तेव्हा सगळ्या देशाने कौतुक केलं, आणि दहा-बारा वर्षांत ती बंद झाली. 'सगळ्यात स्वस्त गाडी' ही तिची ओळख झाली आणि तीच नडली, असं टाटांनी स्वतःच पुढे कबूल केलं होतं. स्कूटरवरून चारचाकीवर जाणाऱ्याला शेजाऱ्याने 'आता वर चढला' म्हणायला हवं असतं, 'स्वस्तात सुटला' नव्हे. गाडीचं व्यक्तिमत्त्व काही भाग तरी गल्लीतले लोक ठरवतात. मराठवाड्यातल्या एका पिढीसाठी पांढरी अँबेसेडर म्हणजे कलेक्टर, जीप म्हणजे तहसीलदार नाहीतर पोलीस, आणि फियाट म्हणजे डॉक्टर. अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, २०१७ मध्ये लाल दिवेही उतरले. आता साहेब कोणत्या गाडीतून उतरतील हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे गेटवरच्या शिपायाची फार पंचाईत होते.

तयार व्यक्तिमत्त्व विकत घेण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग परभणीपासून तीन-चार तासांवर झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या एका दमात घेतल्या. व्यवहार जवळपास ६५ कोटींचा होता आणि कर्ज स्टेट बँकेचं. त्या गाड्यांनी मालकांच्या आधी शहराची ओळख बदलली; देशभरच्या वर्तमानपत्रांत औरंगाबादचं नाव आलं. यात जिव्हाळा किती, हे विचारणं अरसिकपणाचं ठरेल. पण त्या दीडशे जणांपैकी एकालाही कधी बॉनेट उघडून ओलं फडकं ठेवावं लागलं नसणार, एवढं नक्की.

याच्या अगदी उलट टोकाला मुंबईची पद्मिनी टॅक्सी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११००, मग तिचीच नवी नावं धारण केलेली प्रेसिडेंट आणि पद्मिनी निघाली. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअरचा दांडा, टपावर सामानाचं कॅरिअर, छताला आतून फुलाफुलांचं कापड. तीन-तीन पिढ्यांनी एकाच परवान्यावर पोट भरलं. टॅक्सीचं वय वीस वर्षांपुरतं ठरवलेलं. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे २०२३ चा ऑक्टोबर संपताना मुंबईच्या रस्त्यावरची पद्मिनी टॅक्सी संपली. त्या दिवशी लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले. रोज तिला हात करून 'मागे डिकीत बॅग मावेल ना?' एवढंच विचारणारे लोकही त्यांत होते.

बंगालीत ऋत्विक घटक यांनी १९५८ मध्येच यावर 'अजांत्रिक' नावाचा चित्रपट केला होता. टॅक्सी चालवणारा बिमल आणि त्याची खिळखिळी शेव्हरोले जगद्दल, हीच त्यातली दोन मुख्य पात्रं. गाव त्याला वेडा म्हणतं. गाडी शेवटी भंगारात जाते. मराठीत यंत्रावर नाही, पण बैलावर असाच जीव लावणारा पोरगा 'टिंग्या' चित्रपटात भेटतो. तिथेही निकामी झालेल्या जनावराचं काय करायचं हाच प्रश्न आहे.

म्हाताऱ्या बैलाचं काय करायचं याची उत्तरं खेड्यात ठरलेली होती. श्रावणी अमावास्येच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी व्हायची. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं. म्हाताराही त्या दिवशी सजायचा. आणि मेला की मनाने मोठे शेतकरी त्याला स्वतःच्याच शेताच्या बांधावर पुरायचे. दारात आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर उभा राहिला तशी ही रीत पोळ्यावरून दसऱ्यावर सरकली. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. तीत औत, विळा, पाना, ट्रॅक्टर, मोटारसायकल सगळ्यांना झेंडूचा हार आणि हळदी-कुंकवाची बोटं मिळतात. नवी गाडी आली की चाकाखाली लिंबू चिरडायचं आणि पहिली फेरी औंढा नागनाथ नाहीतर तुळजापूरला. तिकडे कोल्हापुरात छत्रपती घराण्याची मेबॅक, पुन्हा जर्मनच, दसऱ्याच्या सोहळ्याला रस्त्यावर येते. आणि गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या पाडरशिंगा गावी नोव्हेंबर २०२४ मध्ये एका शेतकऱ्याने तर रीत शेवटपर्यंत नेली. भरभराट घेऊन आलेली आपली बारा वर्षं जुनी वॅगन-आर त्याने शेतात मोठा खड्डा खणून, फुलांनी सजवून, ब्राह्मणाच्या मंत्रोच्चारात पुरली. दीड हजार माणसं जेवली. चार लाख रुपये खर्च झाला. वर्तमानपत्रं त्याच्याकडे गंमत म्हणून बघत होती. बैल पुरलेल्या माणसाच्या नातवाला त्यात गमतीचं काही दिसणार नाही.

जिव्हाळ्याची एक बाजू मात्र स्पष्ट बोलायला हवी. खोड आणि दोष यांत फरक आहे. चावीला वेळ लावणारी गाडी खोडील म्हणावी. तिसऱ्या दाबाला लागणारा ब्रेक हा स्वभाव नव्हे. 'आपल्याला सवय आहे' म्हणत असा ब्रेक वर्षभर चालवणारे लोक कमी नाहीत, आणि गाडी ज्या दिवशी भाच्याच्या हातात जाते त्या दिवशी ती सवय भाच्याला नसते. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीची फी २०२२ पासून मोटारीसाठी सहाशेवरून पाच हजारांवर गेली, तपासणीही आली. त्यावर मालक चिडले. त्यांच्या चिडीत फीचा राग किती आणि 'आमच्या गाडीची तपासणी करणारे तुम्ही कोण' हा राग किती, हे काट्यावर मोजता येणार नाही.

नव्या गाडीत खोड शोधून सापडत नाही. कार्ब्युरेटर गेला, त्याच्या जागी संगणक आला. थंडी असो की ऊन, तो हवा आणि पेट्रोलाचं प्रमाण स्वतः ठरवतो. गॅरेजमध्ये मिस्त्री कान लावत नाही, डॅशबोर्डखाली स्कॅनर जोडतो आणि पडद्यावरचा आकडा वाचतो. मग जीव लावायचा कुठे? परभणीच्या एमएच-२२ पाटीवर तो बराच काळ लागलेला होता. ४१४१ हा नंबर असा काढायचा की वाचणाऱ्याला 'दादा' दिसावं. नव्या सुरक्षा नंबरप्लेटने ही कला जवळपास संपवली. आता उरलं मागच्या काचेवरचं 'आईचा आशीर्वाद', हप्ते फिटल्याची तारीख, आणि बाळ दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आलं ते याच गाडीतून ही आठवण. कंपन्यांनी ही पोकळी ओळखली आहे. स्वतः चालणाऱ्या गाडीला 'आयरिस' असं नाव आणि बाईचा आवाज दिला की प्रवाशांचा तिच्यावर जास्त विश्वास बसतो, हे २०१४ मधल्या एका प्रयोगात दिसलं. नाव आणि आवाज आता कारखान्यातूनच येणार. परभणीच्या ड्रायव्हरने 'चल बाई' म्हणण्यासाठी कोणाची परवानगी मागितली नव्हती.

जुन्या गाड्यांचा सौदा अजूनही बघण्यासारखा असतो. वसमत रस्त्याला एखाद्या गॅरेजच्या दारात वीस वर्षांची जीप उभी असते. गिऱ्हाईक टायर बघतं, चॅसिसवरचा गंज बघतं, ऑइलची कांडी ओढून बोटांवर चोळून पाहतं. बैलाचे दात बघण्याचंच हे दुसरं रूप. पैसे मोजून होतात, कागदांवर सह्या होतात. मग विकणारा अचानक बोलायला लागतो. सकाळी दोनदा हिटर द्या, एकदाच दिला तर ऐकणार नाही. तिसरा गिअर टाकताना जरा थांबा, ती स्वतः घेते. पावसात डावा वायपर अर्ध्यावर अडतो, हाताने टिचकी मारा. मागचं दार बाहेरूनच उघडतं. गिऱ्हाईक 'हो, हो' म्हणत चावी फिरवतं. जीप रस्त्याला लागते. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना गिअर करकरतो, तो आवाज गॅरेजपर्यंत ऐकू येतो, आणि विकणारा दोन पावलं रस्त्यात पुढे येऊन ओरडतो, "अहो, थांबा म्हटलं ना जरा!"